दोन गिटारी आणि आपला कान

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

दोन इलेक्ट्रिक गिटारी शेजारी ठेवायच्या. एकीवर चार ओळींचा तुकडा वाजवायचा, मग दुसरीवर तोच वाजवायचा. मोबाइलवर त्याचं चित्रण करायचं आणि बघणाऱ्यांना विचारायचं, ‘बोला, कुठली चांगली?’ वरवर पाहता यात अवघड असं काही नाही. इंटरनेटवर असे व्हिडिओ ढिगानं पडलेले आहेत. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं ते बघूनच येतात. एक म्हणतो, ‘सर, पंधरा हजारांची आणि दीड लाखाची, काही फरकच नाही!’ दुसरा म्हणतो, ‘सर, जमीन-अस्मानाचा फरक आहे!’ आणि गंमत अशी, की दोघांनी बघितलेला व्हिडिओ एकच असतो.

मी नाशिकला राहतो, घरीच गिटारचे वर्ग घेतो आणि गेली काही वर्षं असे तुलनेचे व्हिडिओ स्वतःही करतो. त्यासाठी स्टुडिओ नाही. दोन खोल्या, एक अॅम्प्लिफायर, एक मायक्रोफोन, एक संगणक, एवढाच संसार. असा व्हिडिओ घरच्या घरी नीट कसा करायचा, आणि करणाऱ्याच्या मनात काही काळंबेरं नसतानाही तो खोटं कसं बोलू शकतो, हे आज सांगायचं आहे.

हा हौसेचा मामला आहे, त्यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. पण मुंबईत राहणारा मुलगा धोबी तलावला जाऊन फुर्टाडोजमध्ये गिटार हातात घेऊन बघू शकतो. परभणीच्या किंवा सावंतवाडीच्या मुलानं काय करायचं? त्याच्या गावात वाद्यांचं दुकान असलंच, तर तिथे तबला, पेटी आणि चार साध्या अकूस्टिक गिटारी टांगलेल्या असतात. इलेक्ट्रिक गिटार तो व्हिडिओ बघून मागवतो. म्हणजे व्हिडिओ हेच त्याचं दुकान, आणि पैसे बहुधा वडिलांचे असतात. तेव्हा व्हिडिओ करणाऱ्यानं काळजी घ्यायलाच हवी.

आधी इलेक्ट्रिक गिटार वाजते कशी, ते थोडक्यात बघू. सतारीत किंवा साध्या गिटारीत तारेचं कंपन घोडीवाटे लाकडाच्या पातळ पाटीत उतरतं आणि ती पाटी हवा हलवते. इलेक्ट्रिक गिटारीत तसं नाही. तिथे तारांखाली पिकअप असतो, म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती हजारो वेढ्यांची बारीक तांब्याची तार. वरची पोलादी तार हलली, की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये इवलासा विद्युतप्रवाह उठतो. तोच पुढे अॅम्प्लिफायरमध्ये मोठा होऊन स्पीकरमधून ऐकू येतो. पिकअपला आपला आवाज ऐकू येत नाही, त्याला फक्त तारेची हालचाल कळते.

या वाद्यात दोन घराणी मानली जातात म्हणा ना. एक फेंडरची स्ट्रॅटोकॅस्टर, १९५४ सालची. दुसरी गिब्सनची लेस पॉल, १९५२ सालची. स्ट्रॅटोकॅस्टरवर एकेका वेढ्याचे तीन पिकअप असतात. त्यांचा आवाज लख्ख, काचेसारखा. पण आसपासच्या विजेची गुणगुणही ते ओढून घेतात. गिब्सनचे अभियंते सेथ लव्हर यांनी यावर उपाय काढला. दोन वेढे शेजारी ठेवायचे, एकाचं चुंबक आणि वेढ्याची दिशा दुसऱ्याच्या उलट. म्हणजे बाहेरून आलेली गुणगुण एकमेकींत विरते आणि तारेचा आवाज मात्र जुळून दुप्पट होतो. याला हंबकर म्हणतात. १९५७ पासून लेस पॉलवर हंबकर आले आणि तिचा तो भरदार, जाडसर आवाज प्रसिद्ध झाला. आणखी एक फरक तारेच्या लांबीचा. स्ट्रॅटोकॅस्टरची वाजती तार साधारण ६४८ मिलिमीटर, लेस पॉलची ६२८. वीस मिलिमीटर म्हणजे काही नाही असं वाटेल, पण तीच तार त्याच सुराला लावली, तर लांब गिटारीवर ताण सहा-सात टक्क्यांनी जास्त येतो आणि तो बोटांना लगेच कळतो.

राहिला लाकडाचा प्रश्न. यावर गिटारवाल्यांची भांडणं लागली, की ती रात्र संपली तरी संपत नाहीत. या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या जिम लिल या वादकानं एक व्हिडिओ केला. त्यानं गिटारीचा एकेक भाग बदलत नेला आणि शेवटी गिटारच काढून टाकली. कामाचं टेबल आणि एक फळी यांच्यामध्ये हवेतच तारा ताणल्या, खाली पिकअप बसवला आणि वाजवून दाखवलं. आवाज त्याच्या महागड्या गिटारीच्या फार जवळ गेला. म्हणून लाकडाला काहीच अर्थ नाही, असं मी म्हणणार नाही. वजन, तोल, मानेचा आकार, पडद्यांची बैठक हे सगळं लाकूडकामच आहे आणि वाजवणाऱ्याला त्याचा फरक पडतोच. जगभरच्या गिटारींच्या पट्ट्या आपल्याकडच्या शिसवी लाकडाच्या असतात, याचा तर मला उगाचच अभिमान वाटतो. पण आवाजातला जो फरक आपण डोळे झाकून लाकडाच्या नावावर मांडतो, त्यातला बराचसा दुसरीकडूनच आलेला असतो. तो कुठून येतो, हे शोधणं म्हणजेच चांगला तुलनेचा व्हिडिओ करणं.

पहिला संशयित तारा. दुकानातून आणलेल्या नव्या गिटारीवर कोऱ्या तारा असतात आणि आपल्या जुन्या गिटारीवर सहा महिन्यांच्या, घामानं काळवंडलेल्या. कोकणात किंवा पावसाळ्यात तर महिन्याभरातच तारांना गंज धरतो. जुनी तार बोथट वाजते, नवी खणखणीत. आता तुलना गिटारींची झाली की तारांची? म्हणून दोन्ही गिटारींवर एकाच कंपनीच्या, एकाच जाडीच्या तारा एकाच दिवशी चढवायच्या. दोन सेटचे पैसे जातात, त्याला इलाज नाही. दुसरा संशयित पिकअपची उंची. दोन बाजूंच्या स्क्रूंनी पिकअप वर-खाली होतो, आणि तारेपासूनचं अंतर मिलिमीटरभर कमी झालं, तरी आवाज मोठा आणि तिखट होतो. पट्टी घेऊन दोन्हीकडे अंतर मोजून ठेवायचं. केबलही एकच वापरायची, कारण लांब केबल वरचे सूर थोडे खाते. ट्यूनर एकच आणि नखी एकच. एवढं झालं, की निम्मं काम झालं.

आता घर. आपल्या घरातली वीज हा या उद्योगातला मोठा शत्रू. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. जुनी चोकवाली ट्यूबलाइट, इन्व्हर्टर, मोबाइलचा चार्जर आणि विशेषतः पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, हे सगळे एकेका वेढ्याच्या पिकअपमध्ये घुसून भुणभुण करतात. पंखा बंद करावा लागतो, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत रेकॉर्डिंग पहाटेच. गिटार हातात धरून जागच्या जागी हळूहळू फिरून बघा. एका दिशेला भुणभुण अगदी कमी होते. तिथे खुर्ची ठेवायची आणि जमिनीवर खडूनं खूण करायची. दुसरी गिटारही त्याच खुणेवर बसून वाजवायची, नाहीतर ‘ही गिटार फार गुणगुणते’ असा खोटा आळ तिच्यावर येतो.

अर्थिंगबद्दल मात्र थट्टा नको. जुन्या घरांमधून भिंतीतलं अर्थिंग निकामी झालेलं असतं किंवा कुणीतरी तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून टाकलेली असते. तारांना हात लावल्यावर मुंग्या आल्या, आवाज करकरायला लागला, तर रेकॉर्डिंग तिथेच थांबवून आधी वायरमनला बोलवा. एक हात तारांवर आणि ओठ मायक्रोफोनवर, अशा अवस्थेत बसलेला धक्का जिवावर बेततो. व्हिडिओ उद्याही करता येईल.

प्रत्यक्ष रेकॉर्डिंगकडे वळू. बहुतेक जण मोबाइल समोर ठेवतात आणि त्याच्याच माइकवर आवाज घेतात. गाणं-बजावणं आठवण म्हणून ठेवायचं असेल, तर ठीक आहे. तुलनेला तो निरुपयोगी. मोबाइल बोलण्यासाठी बनवलेला आहे. आवाज मोठा झाला, की तो आपोआप दाबतो. लहान झाला, की आपोआप उचलतो. सतत चालणारा आवाज म्हणजे पंख्याचा गोंगाट असं समजून तो पुसायला बघतो. आता गिटारीचा लांबत जाणारा सूर, जो किती वेळ टिकतो हेच आपल्याला दाखवायचं आहे, तोही सतत चालणारा आवाजच. म्हणजे दोन गिटारींमधला जो फरक आपल्याला हवा, नेमका तोच मोबाइल आपल्यावर उपकार म्हणून मिटवून टाकतो! तेव्हा मोबाइलवर चित्र घ्या आणि आवाज वेगळा घ्या. संगणकाला जोडायची दोन वाटांची छोटी ऑडिओ पेटी मिळते. एका वाटेनं अॅम्प्लिफायरसमोरचा माइक आणि दुसऱ्या वाटेनं गिटारीचा थेट, कोरा आवाज. हा कोरा आवाज पुढे फार उपयोगी पडतो. उद्या शंका आली, तर दोन्ही गिटारींचे कोरे आवाज त्याच अॅम्प्लिफायरमधून पुन्हा सोडून बघता येतात.

माइक स्पीकरच्या जाळीजवळ, दोन-तीन बोटांवर ठेवायचा. स्पीकरच्या मध्यभागी आवाज टोकदार असतो, कडेला सरकत गेलं की मऊ होत जातो, आणि इंचभर सरकला तरी कानाला कळतो. म्हणून एकदा जागा ठरली, की माइकच्या स्टँडला हात लावायचा नाही. घरातल्या लहान मुलांना हे सांगून उपयोग नसतो, त्यांना आजीकडे पाठवायचं. अॅम्प्लिफायरची बटणं कुठल्या आकड्यांवर आहेत, त्याचा फोटो काढून ठेवायचा.

इथपर्यंतचं सगळं शिस्तीचं काम आहे, कुणालाही जमेल. खरा घोटाळा पुढे आहे, आणि तो आपल्या कानात आहे.

दोन आवाज अगदी सारखे असले आणि त्यातला एक किंचित, म्हणजे एखाद्या डेसिबलनं मोठा असला, तर तो ‘मोठा’ आहे असं आपल्याला वाटत नाही. तो ‘चांगला’ वाटतो. जास्त भरदार, जास्त जिवंत, जास्त मोकळा. जाहिरातीतले सगळे शब्द आपल्याला आपोआप सुचायला लागतात. याचं एक कारण १९३३ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिलेलं आहे. लहान आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि अगदी वरचे सूर मधल्या सुरांच्या मानानं कमी ऐकू येतात. आवाज वाढवला, की ते भरून निघतात. रेडिओचा आवाज थोडा वाढवला, की तबल्याचा डग्गा अचानक छान वाटायला लागतो, तो हाच अनुभव. आता हंबकर मुळातच जास्त जोरात बोलतो. मग तसंच्या तसं रेकॉर्डिंग ऐकवलं, तर लेस पॉल जिंकणार हे वाजवण्याआधीच ठरलेलं आहे.

मग आवाज सारखे करायचे, पण कुठे? इथे बरेच जण अॅम्प्लिफायरचं बटण फिरवतात. माझ्या मते ते बरोबर नाही. अॅम्प्लिफायरमध्ये येणारा आवाज जोरकस असेल, तर तो थोडा फाटतो, आणि ते फाटणं हा त्या गिटारीच्या स्वभावाचाच भाग आहे. लेस पॉल लवकर गुरगुरते, स्ट्रॅटोकॅस्टर उशिरा. बटण फिरवून हा फरक पुसला, तर तुलनेत उरलं काय? म्हणून अॅम्प्लिफायर दोघींना एकच ठेवायचा आणि रेकॉर्डिंग झाल्यावर, संकलनाच्या वेळी, दोन्ही तुकड्यांची पातळी जुळवायची. त्यासाठी नुसत्या उंच टोकांकडे बघून चालत नाही. स्ट्रॅटोकॅस्टरची टोकं उंच आणि आवाज मात्र लहान, असं सर्रास होतं. कानाला जाणवणारी सरासरी पातळी मोजायची एक आंतरराष्ट्रीय पद्धत २००६ साली ठरली. प्रसारणासाठी आणि पुढे इंटरनेटवरच्या व्हिडिओंसाठीही तिचाच आधार घेतला गेला. तिचं माप दाखवणारी मोजपट्टी आता फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही असते. दोन्ही तुकडे त्या पट्टीवर एकाच आकड्याला आणायचे, मग डोळे मिटून एकदा कानानं तपासायचे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘यूट्यूब आवाज आपोआप सारखा करतं, मग आपण कशाला त्रास घ्यायचा?’ असं मला मुलं विचारतात. यूट्यूब मोठ्या आवाजाचा व्हिडिओ खाली आणतं खरं, पण तो सबंध व्हिडिओ एकदम. त्याच्या पोटातल्या दोन गिटारींमधला फरक तसाच राहतो. ते काम तुमचंच.

यानंतर येतो हात. गिटारींची तुलना अॅम्प्लिफायरच्या तुलनेपेक्षा अवघड आहे, ती यामुळेच. दोन अॅम्प्लिफायर तपासायचे असतील, तर एकदाच वाजवून तोच कोरा आवाज दोघांतून सोडता येतो. गिटार मात्र दर वेळी नव्यानं वाजवावीच लागते आणि माणसाचा हात दोनदा सारखा पडत नाही. शिवाय महागडी गिटार हातात आली, की आपण जरा ताठ बसतो, जरा मन लावून वाजवतो. हे मुद्दाम होत नाही, होऊन जातं. यावर माझे उपाय साधे आहेत. कानात इअरफोन घालून त्यात मेट्रोनोम, मिनिटाला नव्वद ठोके. नखी ब्रिजपासून किती अंतरावर मारायची, त्याची चिकटपट्टीनं खूण. प्रत्येक तुकडा प्रत्येक गिटारीवर पाच वेळा, आणि तेही एकाआड एक. पहिल्या गिटारीचे पाचही आधी उरकायचे नाहीत, कारण तोवर हात तापतो आणि दुसरीला त्याचा फुकटचा फायदा मिळतो.

वाजवायचं काय? झगमगीत, भरधाव तानबाजी नको. त्यात गिटार ऐकू येत नाही, वाजवणाराच ऐकू येतो. एक मोकळी कॉर्ड छेडून ती विरेपर्यंत थांबायचं. एकच सूर घेऊन तसंच. जाड तारेवर तळहात टेकवून चार दबके ठोके. मग तार ओढून एक मींड; यमनातली ‘नी रे ग’ अशी साधी जागा घेतली, तरी तार किती जड आहे, सूर ओढताना टिकतो की मध्येच बसतो, हे लगेच कळतं. आणि शेवटी गिटारीवरचं आवाजाचं बटण निम्म्यावर आणून पुन्हा तीच कॉर्ड. स्वस्त गिटार बऱ्याचदा इथे उघडी पडते, तिचा आवाज लहान होतो तसा मळकटही होतो. हे फारसं कुणी दाखवत नाही. सिनेमाच्या गाण्यांचे तुकडे टाळावेत, कॉपीराइटची नोटीस येते आणि बघणाऱ्याचं लक्षही गाण्याकडे जातं.

आता माझी आवडती युक्ती सांगतो. मी व्हिडिओचा एक भाग नेहमी बिनचेहऱ्याचा ठेवतो. पडद्यावर नुसती अ, ब, क, ड ही अक्षरं, मागे आवाज. गिटारी असतात तीनच. म्हणजे दोन अक्षरांमागे एकच गिटार असते, तिचे दोन वेगवेगळ्या वेळी वाजवलेले तुकडे. हे आधी सांगायचं नाही. माझ्या वर्गात मी हे पुष्कळदा करून बघितलं आहे. ‘ब जरा कोंडल्यासारखी वाटते, पण ड काय मोकळी आहे!’ असं मुलं अगदी आत्मविश्वासानं सांगतात आणि ब आणि ड ही एकच गिटार असते. यात त्यांची फजिती करायची नसते. एकाच गिटारीच्या दोन तुकड्यांत कानाला जेवढा फरक वाटतो, त्यापेक्षा मोठा फरक दोन वेगळ्या गिटारींत वाटला, तरच तो गिटारीचा म्हणायचा. नाहीतर तो हाताचा किंवा मनाचा. प्रयोगशाळेत ज्याला तुलनेचा आधार म्हणतात, तो घरच्या व्हिडिओत एवढ्या स्वस्तात मिळतो.

व्हायोलिनच्या जगातही हे झालेलं आहे. २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिसच्या व्हायोलिन स्पर्धेच्या वेळी क्लॉडिया फ्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकवीस वादकांना एका अंधाऱ्या खोलीत काळे चष्मे घालून व्हायोलिनं वाजवायला दिली. त्यात स्ट्रॅडिव्हेरियससारखी तीन जुनी, अफाट किमतीची होती आणि तीन नवी. २०१२ साली निष्कर्ष छापून आले. बहुतेकांना नवं कुठलं आणि जुनं कुठलं, हे सांगता आलं नाही आणि सर्वांत जास्त पसंती मिळाली ती एका नव्या व्हायोलिनला. तिथे वाद्याची किंमत लाखो डॉलरमध्ये होती, आपल्याकडे काही हजारांत आहे, एवढाच काय तो फरक.

मागे सावंतवाडीहून एका गृहस्थांचा फोन आला. म्हणाले, ‘सर, मुलगा बारावी झालाय. दोन गिटारी त्याच्या मनात आहेत, दोघींच्या किमतीत अठरा हजारांचा फरक आहे. महागडी घेऊन दिली नाही तर तो हिरमुसेल, आणि घेऊन दिली तर घरात ओढाताण होईल. तुम्हीच काय ते सांगा.’ मी म्हटलं, ‘मी काही सांगत नाही. माझा व्हिडिओ आहे तो दोघांनी हेडफोन लावून वेगवेगळा ऐका, पहिल्यांदा अक्षरांचा भाग. कागदावर मतं लिहा, मग चित्रांचा भाग बघा.’ चार दिवसांनी मुलाचाच फोन. अक्षरांच्या भागात त्यानं स्वस्त गिटार दोनदा पसंत केली होती, आणि चित्रं बघताना पुन्हा महागडीच त्याला गोड वाटायला लागली! ‘सर, मला ती दिसायला आवडतेय, ऐकायला नाही,’ असं तो स्वतःच म्हणाला. त्यांनी स्वस्त गिटार घेतली आणि उरलेल्या पैशातून बरा अॅम्प्लिफायर. ते मला पटलं, कारण स्पीकर बदलल्यानं आवाजात जेवढा फरक पडतो, तेवढा त्या दोन गिटारींमध्ये मुळीच नव्हता. पण त्या मुलाला रंगाचीच ओढ राहिली असती आणि त्यानं महागडी घेतली असती, तरी मी त्याला नावं ठेवली नसती. हातात घ्यावीशी वाटते ती गिटार जास्त वाजवली जाते. फक्त पैसे रंगाला मोजतो आहोत की आवाजाला, एवढं माहीत असावं.

चित्राबद्दल थोडंच. खिडकीच्या उजेडात चित्रण उत्तम. घरातले दिवे लावले, तर आपल्या विजेमुळे ते सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. मग पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. मोबाइलमध्ये हातानं नियंत्रण करायची सोय असेल, तर शटर पन्नासांश किंवा शंभरांश सेकंदावर ठेवायचं, पट्टे जातात. काही वेळा तारा सापासारख्या वळवळताना दिसतात, ती तारेची खरी हालचाल नसते. मोबाइलचा कॅमेरा चित्र एका दमात न घेता ओळीओळीनं घेतो, म्हणून तसं दिसतं. बघणाऱ्यांना ते फार आवडतं, म्हणून मी कधीकधी ठेवतो.

संकलनाची सुरुवात टाळीनं. दर तुकड्याच्या आधी कॅमेऱ्यासमोर एक खणखणीत टाळी वाजवायची, सिनेमावाले पाटी आपटतात तशी. मग चित्रातली टाळी आणि वेगळ्या रेकॉर्डिंगमधली टाळी एकावर एक बसवली, की आवाज ओठाला, म्हणजे इथे नखीला, जुळतो. मात्र तासभराचं सलग चित्रण करू नका. मोबाइलचं घड्याळ आणि ऑडिओ पेटीचं घड्याळ किंचित वेगळं चालतं. वीस मिनिटांनी नखी आधी पडते आणि आवाज मागून येतो. छोटे तुकडे, प्रत्येकाला वेगळी टाळी.

मग कापाकापी. दोन आवाजांमधला बारीक फरक कानाला फार थोडा वेळ आठवतो, काही सेकंदच. एका गिटारीचा तीन मिनिटांचा तुकडा, मग माझी बडबड, मग दुसरीचे तीन मिनिटं, यातून काहीच कळत नाही. म्हणून एकच ओळ, लगेच दुसऱ्या गिटारीवर तीच ओळ. मेट्रोनोम वापरल्याचा फायदा इथे मिळतो, कारण ओळीच्या मध्यावरही गिटार बदलता येते, ठोका चुकत नाही. कापलेल्या जागी टक् असा आवाज येऊ नये म्हणून दोन्ही टोकं निमिषभर एकमेकांत विरघळवायची. क्रमही उलटसुलट करायचा, कारण नेहमी दुसऱ्या क्रमांकावर येणाऱ्या गिटारीला कान थोडं झुकतं माप देतो. पाच वेळा वाजवलेल्यातला कुठला तुकडा घ्यायचा? आपली लाडकी गिटार असेल तिचा सर्वोत्तम आणि दुसरीचा जरा बरा, असा मोह होतोच. मी तिसरा घेतो. कुठलीही गिटार असो, तिसरा. त्यात ठळक चूक असेल, तरच चौथा. आणि एका आवाजाला थोडा घुमारा, दुसऱ्याला थोडी धार, असले संस्कार अजिबात नाहीत.

व्हिडिओखालच्या मजकुरात मी गिटार कुणाची, किंमत काय, तारा कुठल्या, बटणं कितीवर, हे सगळं लिहितो. दुकानानं वापरायला दिलेली गिटार असेल, तर तेही अगदी पहिल्या ओळीत. २०२१ साली जाहिरात क्षेत्राच्या मानक परिषदेनं आणि २०२३ साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. पैसे, वस्तू किंवा सवलत मिळाली असेल, तर ती बघणाऱ्याला स्पष्ट दिसेल अशी सांगायची. ‘माझ्यासारख्या छोट्या माणसाला कोण विचारतंय’ असं म्हणून भागत नाही. एका दुकानदारानं एकदा मला, ‘तो अक्षरांचा भाग तेवढा वगळा ना,’ असं फार गोड शब्दांत सुचवलं होतं. मी गिटार परत केली, त्यावर चढवलेल्या नव्या तारांसकट.

शेवटी, कच्चं रेकॉर्डिंग पुसून टाकू नका. मी पाचही वेळा वाजवलेले सगळे तुकडे, कुठलीही काटछाट न करता, वेगळी फाइल म्हणून ठेवतो. ज्याला माझ्या संकलनाबद्दल शंका असेल, त्यानं ते मागवून स्वतः कापून बघावेत. दोघा-तिघांनी मागवलेही आहेत. त्यातल्या चौथ्या तुकड्यात शेजारच्या काकूंच्या कुकरची शिट्टी आहे, आणि ती स्ट्रॅटोकॅस्टरशी बऱ्यापैकी सुरात लागते.